ओ द्यायची नाही

व्हॅलेरियनने वालीवच्या एका वर्कशॉपात बत्तीस वर्षं लेथ चालवला आणि रिटायर झाल्यावर भुईगावच्या घरात एकटा उरला. बायको हिल्डा चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा शॉन आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये बसून कॉम्प्युटरचे गेम बनवतो. आचोळे काही सातासमुद्रापार नाही, रिक्षा बदलत गेलं तरी माणूस तासाभरात पोचतो. पण साहेबांना वेळ नाही! म्हाताऱ्याने आपलं रोज व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवायचं, 'शॉन, जेवलास का रे?', 'शॉन, केळीचा घड उतरवलाय, ये.' निळ्या खुणा यायच्या, उत्तर नाही.

गेम गाजला तेव्हा मात्र हाच बाप गावभर सांगत सुटला. त्याची पुतणी टिफनी, तिने तो लॅपटॉपवर लावून दिला. म्हणे भुताचा गेम, पण भूत दिसतच नाही. रिकामं घर, चार खोल्या, एक खुर्ची, बस्स. लोक त्यात जगण्याचा अर्थ शोधतात आणि सापडला नाही की खूश होतात. आता बोला!

घर व्हॅलेरियनने लगेच ओळखलं. त्याचंच होतं, खिडकीची फाटकी जाळीसुद्धा तीच. पण प्रार्थनेचा आल्तार नाही, हिल्डाचा फोटो नाही, काही म्हणजे काही नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, 'शॉन...' त्याच्या अंगावर काटाच आला. आवाज त्याचा स्वतःचा होता, फोनवर पाठवलेला. घरातल्या मोठ्याने हाक मारली की ओ द्यायची, म्हणून त्याने मुकाट 'ओ दे' दाबलं. खेळ खलास.

"अंकल, ओ द्यायची नाही," टिफनी म्हणाली. "तिन्हीसांजेला हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नये, आपल्यात म्हणतात ना? शॉनने त्यावरच बनवलाय. फक्त इथे तिसरीलाही द्यायची नाही. गप्प राहिला तो जिंकला."

व्हॅलेरियन अकरा वेळा हरला. हात ऐकेचना. बाराव्या वेळी त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. त्याचाच आवाज शॉनला हाका मारत खोल्याखोल्यांतून फिरला, थकला, थांबला. 'तू सुटलास,' असं पडद्यावर आलं. जळला मेला तो गेम! पोराने एकूण एक निरोप ऐकला होता, जपून ठेवला होता, आणि त्याचं हे केलं होतं.

पुढच्या रविवारी शॉनचा फोन आला, वर्षभरातला पहिला. "पपा, दुसरा भाग करतोय. अजून आवाज लागतील. हाका मारा ना, मी रेकॉर्ड करतो."

चांगल्या चार शिव्या हासडाव्यात असं व्हॅलेरियनला वाटलं. पण पोर फोनवर होतं, ते कसं सोडणार? त्याने हाका मारल्या.

"फार प्रेमळ येतंय, पपा. पोकळ पाहिजे. पलीकडे कुणीच नाही असं समजून बोला."

व्हॅलेरियनने मोकळा हात मांडीखाली दाबून धरला. मग त्याला राहवेना. "शॉन, मी इथे मेलो तर तुला कळेल तरी का रे?"

"हेच! हेच पाहिजे होतं!" शॉन खुशीत ओरडला. "परत एकदा बोला. जरा हळू."

व्हॅलेरियनने घसा साफ केला आणि परत एकदा बोलला.