हिरामणकाकांचा मराठी पासवर्ड

वाशीतल्या एका इंजिनिअरच्या ऑफिसात हिरामण म्हात्रे बत्तीस वर्षं नकाशे सांभाळत होते. कुठल्या बिल्डिंगचा नकाशा कुठल्या नळकांड्यात, सगळं तोंडपाठ. पुढे नकाशे स्कॅन होऊन स्टोरेजच्या काळ्या डब्यात गेले, तर काकांनी फोल्डर पाठ केले. मालक राजवर्धनसाहेब त्यांना ‘आमचा जुना सर्व्हर’ म्हणायचे. सगळे हसायचे. काकाही.

त्या डब्याची देखभाल आमच्या कंपनीकडे. मी घाटावरच्या विट्यात शिकलेला, म्हणून काकांसाठी ‘घाटी’.

“ये घाटी, तुजा डबा मना आत घेत नाय.”

आठवडाभर हेच. काका पासवर्ड टाकत, डबा ‘चुकीचा पासवर्ड’ म्हणे. पाचव्या खेपेला खातंच बंद. साहेब आधी चिडले, मग दयाळू झाले, आणि मला भीती वाटली ती तेव्हा.

“वय होतं हो माणसाचं,” ते मला बाजूला घेऊन म्हणाले. “रिटायरमेंटला दोन वर्षं आहेत, पण विसरायलाच लागले असतील तर आत्ताच नारळ दिलेला बरा. तू रिपोर्ट दे, मग ठरवतो.”

काकांचा पासवर्ड मराठीत होता. “मराठीतला कोन चोरतंय?” असा त्यांचा हिशेब. मी बंद खातं पुन्हा चालू केलं, आणि मला पाठ फिरवायला लावून त्यांनी तो ब्राउझरमधून टाकला. डबा उघडला! तोच पासवर्ड नेटवर्क ड्राइव्हला दिला, जिथून नकाशे उघडायचे. नाही.

किल्ली एकच. पुढच्या दाराला लागते, मागच्या दाराला लागत नाही. मग दोष किल्लीचा कसा?

मी एक खोटं खातं काढलं, पासवर्ड ‘कांदाभजी’. तेही ड्राइव्हबाहेर. इंग्रजी पासवर्ड दिला, लगेच आत. मग कळलं. यंत्र अक्षरं आकड्यांत साठवतं, आणि मागच्या सोमवारी आम्ही डब्याला दिलेल्या अपडेटनंतर ड्राइव्ह मराठी अक्षरांचे आकडे भलत्याच तक्त्यावरून काढत होता. इंग्रजीचे आकडे दोन्ही तक्त्यांत सारखेच, म्हणून बाकी कुणाचं काही अडलं नाही.

मी आनंदानं आमच्या आशुतोष सरांना फोन लावला.

“अपडेटचं लिहू नकोस,” सर म्हणाले. “पुढच्या महिन्यात कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. पासवर्ड इंग्लिश कर, ‘युजरची चूक’ वर टिक मार, निघ.”

मी टिक मारली. साहेबांनी रिपोर्ट वाचला. “म्हणजे काकाच विसरत होते तर.” मी गुंडाळलेली केबल पुन्हा गुंडाळत बसलो.

महिनाअखेरीला खरोखरचा नारळ आला, वर शाल. त्या दिवशी मी तिथे दुसऱ्याच कामाला गेलो होतो. काकांनी मला गेटपाशी गाठलं.

“घाटी, घरी बायको पन आता दोनदा इचारते, ग्यास बंद केला का. खरा सांग, मी इसरतंय का रं?”

“नाही काका. तुमचा पासवर्ड बरोबर होता. चूक आमच्या अपडेटची.”

काकांनी नारळ काखेत धरला. खिशातलं पेन काढलं आणि शालीच्या खोक्याचं झाकण माझ्यापुढे केलं.

“मंग ह्याच्यावर लिव. खाली सही कर. बायकोला दावतो.”

मी पेन घेतलं. टोपण काढलं. परत लावलं.

काका माझ्या हाताकडे बघत होते. त्यांनी पेन अलगद काढून खिशाला लावलं.

“काय रं घाटी,” ते म्हणाले, “तू पन इसरलास?”