पानगळा शोधताना

आमच्या ह्यांनी नवा मोबाईल घेतला आणि जुना मला दिला, तेव्हा त्यातलं त्यांचं खातं काढायचं राहून गेलं. एआयला काही विचारायचं झालं की मीही त्याच खात्यावरून विचारायची. ब्लाउजच्या मापात किती कापड जादा सोडायचं, बाहीला किती लागतं, असलंच. चौसाळ्यात हायवेला लागून आमचं खत-बियाण्यांचं दुकान, मागं घर, आणि घरात खिडकीखाली माझी शिलाई मशीन.

एका दुपारी शेजारीण कापड घेऊन आली. म्हणाली, "मागल्या बारीला शिवलं तसंच शिवा, पानगळा." त्या पानाच्या आकाराच्या गळ्याचं माप मी एआयला विचारून घेतलं होतं, वहीत लिहिलं नव्हतं. म्हणून जुनी बोलणी शोधायच्या चौकोनात 'पानगळ' एवढं लिहिलं, शेवटचा काना द्यायचा राहिला, तोच खाली ओळ आली, 'मोसंबीची पानगळ'. ही काही माझी नव्हती. उघडली.

पडदा भरून लिहिलं होतं यांनी. बाग कुणाची, जमीन कशी, पाणी किती दिवसांआड, पानं आधी पिवळी पडतात का हिरवीच गळतात. आणि शेवटी, 'तुमचं काय मत हाय?' तुमचं मत! लग्नाला अठरा वर्षं झाली, माझं मत विचारल्याचं मला आठवत नाही. मला दोनच शब्द मिळतात, 'हूं' आणि 'बघू'. दीड महिन्यापूर्वी मी म्हणाले होते, दुकानात पुढच्या अंगाला एक मशीन बसेल एवढी जागा द्या, बायका मागं घरात यायला लाजतात, पुढं बसले तर काम वाढेल. त्यावर 'बघू' आलं ते तिथंच थांबलं.

अंगाचा तिळपापड झाला. सवत असती तर तिच्या झिंज्या तरी धरल्या असत्या. हिचं, या एआयचं, काय धरणार?

मग मला ते शोधायचं वेडच लागलं. चौकोनात माझं नाव टाकलं. काही सापडलं नाही. 'बायको' टाकलं, नाही. 'पत्नी' टाकलं, हे असं जन्मात म्हणणार नाहीत हे ठाऊक असून टाकलं. नाही. 'युरिया' टाकलं तर बोट दुखेपर्यंत खाली सरकत राहावं लागलं. बोंडअळीची चौकशी, हुमणीची चौकशी. उसाच्या मुळाशी बसलेल्या अळीचीसुद्धा या माणसाला माझ्यापेक्षा जास्त काळजी. मला त्या अळीचा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू.

चार दिवस मी तोंड उघडलं नाही. ताट पुढं ठेवायचं, उचलायचं. पाचव्या दिवशी यांनी भरदुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, स्वतः चहा केला, मला समोर बसवलं आणि घसा साफ करून म्हणाले, "ज्याला जे मांडायचं हाय त्यानं मोकळ्या मनानं मांडावं. सगळ्यांचं ऐकून घेतलं जाईल."

मी मागं वळून बघितलं, आणखी कोण आलंय म्हणून. कुणी नव्हतं.

"ऊन लागलं का तुमाला?" मी म्हणाले आणि उठले. चहा मात्र पिऊन उठले, आयता मिळालेला कोण सोडतं?

दुसऱ्या दिवशी दुकानात एक जुनं गिऱ्हाईक आलं. "पोरीची सुपारी फुटायची हाय पालीला. येताव ना?"

"मंडळीला इचारून सांगतो," हे म्हणाले.

आत माझे पाय मशीनवरच थांबले. मंडळी! चारचौघांत बायकोचं नाव घेतील तर हे कसले. आणि मी तरी त्यांचं कुठं घेते, 'हे' म्हणूनच तर संसार चाललाय. मोबाईल ओढला आणि 'मंडळी' लिहिलं.

भराभर ओळी आल्या. 'मंडळीचे गुडघे दुखतात. मशीन चालवल्यानं जास्त होतं का?' त्यावर एआयनं विचारलं होतं, 'मंडळातील किती जणांना हा त्रास आहे?' त्याखाली, 'मंडळी चार दिस झाले बोलंनात. काय करावं?' उत्तर, 'सर्व सदस्यांची बैठक घ्या. चहापान ठेवा. प्रत्येकाला मोकळेपणाने मत मांडू द्या.'

मी तोंडात पदर कोंबून हसले. मग सगळ्यात वरची, आदल्या दिवशीची ओळ वाचली. 'मंडळी मशीनवर बसली की माझी हाक ऐकू येत न्हाई. दुकानात पुढं बसल्यावर तर गावभरच्या बाया येतील. मग माझ्याशी कोण बोलंल?' एआयनं सुचवलं होतं, मंडळींशी संपर्कासाठी एक प्रतिनिधी नेमा.

हसू आलं तसंच गेलं. म्हणजे 'बघू'च्या मागं हे होतं. मी त्यांच्या मशीनवर जळत होते आणि ते माझ्या. पण माझ्या गुडघ्यांचं मला का नाही विचारलं? एकटं पडायची भीती वाटते, हे मला का नाही सांगितलं? मी एक आहे का पन्नास, एवढंही जिला कळत नाही तिला सांगितलं. पहिल्यापेक्षा जास्त जळले मी.

त्याच ओळींखाली मी लिहिलं, 'मंडळी म्हणजे एकच बाई आहे. जे बोलायचं ते तिच्याशी बोला.' आणि पाठवून दिलं. एआयनं लगेच माफी मागितली, मी वाचलीसुद्धा नाही. शेवटचा काना देऊन पानगळ्याचं माप शोधलं, कापड घेतलं आणि कापायला बसले.

गिऱ्हाईक गेल्यावर हे मोबाईल उघडून बसतात, ते मला माहीत होतं. गळा कापला, बाह्या कापल्या. मग हाक आली. 'अगं' नाही, 'ऐकलं का' नाही. माझं नाव. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर आज.

"मशीन कुठं टाकायची म्हनतीस? दाराच्या डाव्या अंगाला का उजव्या?"

मी मशीनला पाय लावला आणि ऐकू आलं नाही असं दाखवलं. अठरा वर्षांनी नाव घेतलंय, आणखी एकदा घेऊ दे.