फलटण ते सांगली, दुखऱ्या पायानं

कवठे महांकाळला थेट एसटी आहे का, हे विचारायला मी फलटणच्या स्टँडवर गेले, तेव्हा चौकशीच्या खिडकीतल्या माणसानं आधी माझ्या पायांकडं पाहिलं. उजवा पाय उचलून मी बगळ्यासारखी उभी होते.

"थेट न्हाई. दहिवडी, विटा करत जावं लागंल," तो म्हणाला. "पायाला काय झालंय?"

"मुंगी चावली," मी म्हणाले आणि निघाले.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि पाच हजार मीटर पळायचे. दिवाळीच्या आधीपासून उजव्या पावलावर, दुसऱ्या बोटाच्या मागं, रुपयाएवढी एकच जागा दुखत होती. आधी पळून झाल्यावर दुखायची, मग पळताना, मग नुसतं उभं राहिलं तरी. माझे वडील, तात्या, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. तेच माझे प्रशिक्षक. मी दोनदा सांगून पाहिलं. "दुखतंय तर दुखू दे. पळून गरम झालं की जातंय," असं म्हणत तात्यांनी तेल चोळून दिलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हाक मारली.

शालन कवठे महांकाळची. साताऱ्याच्या शर्यतीत ती पहिली आली होती आणि मी दुसरी. बक्षीस समारंभ चालू असताना ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"उजवं पाऊल कडंवर टाकतीस तू," ती हळूच म्हणाली. "आमच्याकडं ये. सांगलीला मी ज्या डॉक्टरांकडं जाती, त्यांना दाखवू."

तेव्हा बरं वाटलं. घरी आल्यावर मात्र दुसराच विचार डोक्यात शिरला. विभागाच्या संघात एकच जागा उरली होती. निवडीची शर्यत तीन आठवड्यांवर आलेली. डॉक्टरांनी मला घरी बसवलं तर फायदा कुणाचा?

तरी गेले. तात्यांना सांगितलं, शालनबरोबर दोन दिवस सरावाला जाते.

या रस्त्यानं कधी जाणार असाल तर सकाळची पहिली गाडी धरा आणि पाणी बरोबर घ्या. फलटणचा हिरवागार ऊस मागं पडतो, गाडी मोगराळे घाट चढते आणि वर पोचलं की मुलूखच बदलतो. उघडे डोंगर, बाभळी, दूरवर मेंढरांचा कळप. दहिवडीच्या स्टँडवर गरम भजी मिळाली, चहा मात्र नुसता गोड होता. विट्याला गाडी बदलताना पाय एवढा सुजला होता की बुटाची नाडी पूर्ण सोडावी लागली. शेजारी बसलेल्या म्हातारीनं ते पाहिलं आणि आपलं गाठोडं माझ्या पुढ्यात सरकवलं.

"पाय ठेव ह्येच्यावर."

"नको हो आजी, पाय कसा लावू?"

"लुगडी हायती. देव न्हाई त्यात. ठेव."

तासगावपर्यंत माझा पाय तिच्या लुगड्यांवर होता. खिडकीबाहेर द्राक्षांचे मांडव, हिरव्या कच्च्या घडांनी लगडलेले. त्या तासाभरात पायाला पहिल्यांदा आराम पडला.

कवठ्याला शालन सायकल घेऊन आली होती. मला मागं बसवून ती घरापर्यंत दामटत गेली. गावाबाहेर पत्र्याचं घर, पुढं ज्वारीचा तुकडा. तिच्या आईनं बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि हुलग्याचं माडगं वाढलं. इतकं चवीचं माडगं मी नंतर कुठंच प्यायले नाही. जेवताना शालननं स्वतःचा डावा पाय पुढं केला. पावलावर, बोटांच्या मागं, हाडाचा उंचवटा होता.

"तुझ्यासारखंच दुखायचं. मी पळत ऱ्हायले. शर्यतीतच मोडलं. आठ म्हैनं पळाले न्हाई."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला.

"तुला वाटत असंल, ही जागेसाठी मला बसवतीया."

"वाटतं," मी म्हणाले. खोटं बोलायला जमलंच नाही.

तिची आई चुलीपाशी थबकली. शालन मात्र रागावली नाही. "मग सकाळी आपून दोघी पळू. ठीक पळालीस तर सांगलीला जायचंच न्हाई. पण दुखलं की सांगायचं."

उजाडताना आम्ही नागजकडच्या रस्त्यानं निघालो. थंडी होती, रस्ता मोकळा. पहिला किलोमीटर छान गेला. दुसऱ्यात तिनं विचारलं, "दुखतंय?" मी म्हणाले, नाही. थोड्या वेळानं परत विचारलं. परत नाही. तिसऱ्यांदा नाही म्हणाले आणि पुढच्याच पावलाला पायातून अशी कळ गेली की मी रस्त्यातच खाली बसले.

"बघ, मी म्हणत न्हवते?" असं ती म्हणेल असं वाटलं होतं. तिनं माझा बूट काढला, मोजा काढला आणि पाठ करून उकिडवी बसली.

"बस पाठीवर."

"अगं, तुझा सराव..."

"आजचा झाला. बस म्हंते न्हवं!"

माझ्याहून बारीक मुलगी ती. कोथिंबिरीच्या जुड्यांनी भरलेला एक टेम्पो मागून येईपर्यंत ती मला घेऊन चालत राहिली. तिच्या मानेवरचा घाम माझ्या हाताला लागत होता आणि मला भयंकर लाज वाटत होती.

मिरजेवरून सांगलीला पोचायला दहा वाजले. दवाखाना स्टँडपासून चालत जाण्याइतका जवळ होता, तरी आम्ही रिक्षा केली. डॉक्टर वयस्कर, कमी बोलणारे. एक्स-रे काढला. त्यांनी फिल्म उजेडावर धरली आणि म्हणाले, "यात काही दिसत नाही."

मी खुर्चीवरून उठलेच. "म्हणजे मी पळू शकते?"

"खाली बस." त्यांनी अंगठ्यानं ती रुपयाएवढी जागा दाबली. मी ओरडले. "हाडाला केसासारखी चीर असली तर सुरुवातीला फोटोत येत नाही. दोन-तीन आठवड्यांनी, हाड भरायला लागलं की दिसते. सहा आठवडे पळणं बंद. पळालीस तर मोडेल. मोडल्यावर तुझ्या मैत्रिणीला विचार काय होतं ते."

माझ्यासारखंच कुणाचं एकाच जागी असं दुखत असेल तर एवढंच सांगते: तेल चोळत बसू नका, दाखवून या. फिल्म कोरी आली म्हणून उड्या मारू नका.

दुपारी शालननं मला कराडच्या गाडीत बसवलं आणि खिडकीतून भडंगाची पुडी दिली. मी म्हणाले, "मी तुझ्यावर संशय घेतला."

"घेतलास. मग?" ती म्हणाली. "पाय वर ठेवून बस."

गाडी आयर्विन पुलावरून निघाली. खाली कृष्णा संथ होती. मांडीवर कोरी फिल्म घेऊन मी विचार करत होते. तात्यांना नुसती ही दाखवली तरी पुरे. निवडीला जाता येईल. सहा आठवड्यांचं कुणाला कळणार?

कराड, सातारा करत दिवेलागणीला घरी पोचले. तात्यांनी लिफाफा पाहिला, फिल्म काढून दिव्यासमोर धरली. त्यांचा चेहरा उजळला.

"काय न्हाई की यात!"

"आहे, तात्या," मी म्हणाले. "दिसत नाही, पण आहे. सहा आठवडे पळायचं नाही."

त्यांनी फिल्म खाली घेतली. "मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं होतं. दोनदा."

तात्यांनी फिल्म लिफाफ्यात घातली, खूप जपून, जणू तीच मोडेल. मग माझ्यासमोर जमिनीवर बसले. "कुठं दुखतंय, दाव," म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

तीन आठवड्यांनी तेच मला फलटणमध्ये फोटो काढायला घेऊन गेले. हाडावर पुसट पांढरा पट्टा आला होता. डॉक्टर बरोबर होते, शालनही. नंतर मी आणखी सहा वर्षं पळाले. मोठं काही जिंकले नाही, पण पाय शाबूत राहिला. आजही कुणी पळणारी मुलगी लंगडताना दिसली की मी थांबून विचारते. पुष्कळ जणी मुंगी चावली म्हणतात, आणि मी तिथून हलत नाही.

त्या वर्षीच्या निवडीच्या शर्यतीनंतर चार दिवसांनी शालनचं पोस्टकार्ड आलं. त्यावर दोनच ओळी होत्या: "चौथी आले, जागा गेली. तुझा पाय कसा हाय?"

शर्यत हुकली म्हणून मी तोवर एकदाही रडले नव्हते. ते कार्ड हातात धरून ओसरीवर बसले आणि पोटभर रडले, तिच्यासाठी.