कुसाबाईचा शत्रू

चंदर फौजेत गेला आणि इकडे निफाडजवळच्या आमच्या गावात त्याच्या आईने, कुसाबाईने, युद्ध सुरू केलं. द्राक्षबागेत पाखरं आली की ‘घुसखोरी’ झाली. सून माहेरी गेली की ‘सुट्टीवर’, आणि यायला उशीर झाला की ‘फरार’. बांधावरून भांडण झाल्यापासून शेजारच्या धोंडीरामशी तिने बोलणं टाकलं होतं. तो थेट ‘शत्रू’, आणि त्याची म्हैसही शत्रूच. आम्ही हसायचो. बाईच्या जिभेला हाड नाही, हे गावाला ठाऊकच होतं.

गेल्या हिवाळ्यात चंदर सुट्टीवर आला आणि नेमकी त्याच म्हशीने त्याला बांधावर धडक दिली. मांडीचं हाड मोडलं. चंदरने स्वतःच्या पगारातून अपघात विमा घेतलेला होता. विमा कंपनीतून चौकशीचा फोन आला तेव्हा तो ऑपरेशनच्या टेबलावर. फोन कुसाबाईने घेतला आणि ठणकावून सांगितलं, “शत्रूनं हल्ला केला.”

झालं. सैनिक, शत्रू आणि हल्ला. कंपनीने कळवलं की युद्धातली दुखापत या विम्यात बसत नाही. युद्ध म्हणे, आणि तेही निफाड तालुक्यात! हाच चंदर शाळामास्तर असता तर कोणी असला अर्थ काढला नसता, याचा मला आजही संताप येतो. पण कुसाबाईच्या मनाला खात होतं ते वेगळंच. पोराचा हक्क आपल्या तोंडामुळे गेला, असं तिने घेतलं. तिला अन्न गोड लागेना. शेवटी उठली आणि धोंडीरामच्या दारात जाऊन उभी राहिली. साक्षीला चल म्हणाली. तोही गुमान टोपी घालून निघाला.

नाशिकच्या ऑफिसात त्यांच्यासोबत मीही होतो. रविराज नावाचे साहेब होते. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, शत्रू कोण? धोंडीरामने हात वर केला.

“शत्रू मीच, साहेब. पण मारलं म्हशीनं.”

साहेबांना हसू आवरेना. मग त्यांनी कुसाबाईला विचारलं की म्हशीला कोणी शत्रू म्हणतं का.

कुसाबाईने पदर सावरला. “पोरगं तिकडं बर्फात असतं, साहेब. खऱ्या शत्रूचं नाव जरी निघालं तरी पोटात गोळा येतो. म्हणून मी म्हशीलाच शत्रू म्हणते. तिला निदान ढेकूळ तरी मारता येतं.”

साहेबांचं हसणं थांबलं. त्यांनी कागद पुढे ओढला, ‘शत्रू’ खोडलं आणि तिथे ‘म्हैस’ लिहिलं.