पिशवीतल्या चिठ्ठ्या

आमदार झालो तरी सकाळचा दवाखाना मी सोडला नाही. त्यामुळे लोकांचा गोंधळ व्हायचा. रस्त्याचं गाऱ्हाणं घेऊन आलेला माणूस आधी जीभ बाहेर काढायचा. मीही कमी नव्हतो. एकदा तहसीलदारांना लिहिलेल्या पत्राखाली ‘दिवसातून दोनदा, जेवणानंतर’ असं ठोकून दिलं!

फवारणीचे दिवस आले की मात्र हसू पळायचं. अंगात विष भिनलेला माणूस तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात न्यावा, तर तिथं उताऱ्याचं इंजेक्शनच नसायचं. चिठ्ठी लिहून अकोल्याला धाडायचे. माझ्या दारासमोर सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि वांगी विकणाऱ्या काकूंचा नवरा असाच अकोल्याच्या वाटेत दगावला. आता तेच वावर त्यांचा दीर फवारत होता. “याच्यासाठी तरी औषध ठेवा जी, डाक्तर,” एवढंच त्यांनी मागितलं होतं.

नागपूरच्या अधिवेशनात मी प्रश्न लावला. मंत्र्यांनी थंडपणे वाचून दाखवलं, “साठा पुरेसा आहे. एकही रुग्ण औषधाअभावी अन्यत्र पाठवलेला नाही.”

माझं डोकंच फिरलं. “जीभ दाखवा साहेब! खोटं बोलणं हाही आजारच आहे!” मी ओरडलो. सभागृह हसलं, वाक्य कामकाजातून काढलं आणि मला खाली बसवलं. झालं, विषय गुंडाळला.

घरी आलो तर काकू वाटच पाहत होत्या. सगळं ऐकून माझ्यावरच उखडल्या. “भांडाले कायले गेलते? कागद नेला होता काय?”

“कोणता कागद?”

त्यांनी घरून प्लास्टिकची पिशवी आणली. आमच्याकडे माणूस जातो, पण त्याचे दवाखान्याचे कागद कोणी टाकत नाही. गाठ मारलेली पिशवी खुंटीवर तशीच राहते. काकूंनी नवऱ्याची चिठ्ठी काढली. ‘इंजेक्शन उपलब्ध नाही, अकोल्यास पाठवत आहे.’ खाली सही, शिक्का. जुने कागद आणले नाहीत म्हणून जन्मभर पेशंटांना झापणारा मी, स्वतः रिकाम्या हातानं गेलो होतो! लाज वाटली बाप्पा.

काकूंनी आठवडी बाजारात हाकाटी केली. दोन दिवसांत माझं टेबल पिशव्यांनी भरलं.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा उभा राहिलो. आवाज चढवला नाही. फक्त चिठ्ठ्या वाचत गेलो, सही-शिक्क्यासकट. आता कोणी हसेना. सहाव्या चिठ्ठीला मंत्र्यांनी चष्मा काढला. “बाकीच्या वाचू?” मी विचारलं. “नको,” ते म्हणाले, आणि तिथल्या तिथं आमच्या तालुक्याच्या दवाखान्याला इंजेक्शनांसह चार खाटांचा कक्ष मंजूर केला. बाकं वाजली. विरोधी बाकंही वाजली! निवडणूक जिंकलो तेव्हाही मी इतका खूश नव्हतो.

पुढच्या हंगामात काकूंचा दीर वावरातच कोसळला. त्याला तालुक्याला नेल्याचं कळलं.

पाचव्या दिवशी काकू माझ्या दवाखान्यात शिरल्या. “मी पिशवी उघडून उभीच राहिली जी! आता चिठ्ठी देतीन, मंग देतीन. तिथल्या डाक्तरायनं देलीच नाही. म्हने, इथंच बरा होते.”

ती पिशवी त्यांनी माझ्या टेबलावर आदळली. आत काठोकाठ वांगी होती.

“त्यानंच तोडले,” त्या म्हणाल्या, “आज सकाळी.”