झोपलेल्यांचाही वर्ग

प्रा. मनोहर निरभवणे सरांची आणि माझी पहिली भेट नेमकी कशी झाली हे मला सांगता येत नाही, कारण त्या वेळी मी झोपलो होतो. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, हे कळतं मला. पण सरांच्या पंचाहत्तरीला खोटं लिहिणं त्याहून वाईट दिसेल.

मी गोदाकाठच्या सायखेड्याचा. नाशकात, अंबडच्या एका कारखान्यात रात्रपाळी करायचो आणि रविवारी सकाळी कपडेसुद्धा न बदलता द्वारका चौकाजवळच्या अभ्यासकेंद्रात बी.ए.च्या वर्गाला येऊन बसायचो. विद्यापीठ सरकारी. शाळा अर्धवट सुटलेले, संसारात अडकलेले, पाळीवर जाणारे अशा सगळ्यांना त्याचं दार उघडं होतं. पण दार उघडं असणं वेगळं आणि आत आल्यावर कुणी ‘बसा’ म्हणणं वेगळं. ते ‘बसा’ आमच्याकडे सर म्हणत. वर्गात फुलांचा मळा सांभाळून येणाऱ्या मावशी होत्या, बोलता बोलता अहिराणी ‘शे’वर घसरणारे सटाण्याचे शिक्षणसेवक होते, वसाहतीतल्या आमच्या बौद्ध मुली होत्या, आणि डोंगरातून उतरून आलेली यमुना होती. सर सगळ्यांना अहो-जाहो करत. मला आयुष्यात पहिल्यांदा ‘अहो’ म्हणणारे तेच.

त्या दिवशी ते भूगोल शिकवत होते. बाहेर द्वारकेची रहदारी, वर पंख्याची घरघर आणि त्यांचा तो संथ आवाज. डोळे कधी मिटले ते कळलंच नाही. आवाज मात्र येत राहिला. नदी वळते, काठ खाते, गाळ टाकते... आणि मला आमची गोदावरी दिसू लागली. पाणी वावरात शिरत होतं, गव्हाच्या ओंब्या पाण्याखाली सावकाश हलत होत्या, आई बांधावर उभी होती आणि कुणीच घाबरलेलं नव्हतं. इतकं सुख मला जागेपणी फार थोड्या वेळा मिळालं आहे. जाग आली तेव्हा तास संपला होता.

आता बोलणी बसणार म्हणून मी अंग चोरलं. पण सरांचा एक रिवाज होता. पाळी करून आलेल्याला उठवायचं नाही. त्याच्या शेजारच्यानं नीट ऐकायचं आणि चहाच्या सुट्टीत, आपल्या बोलीत, त्याला सगळा पाठ सांगायचा. एकदा एका प्राध्यापकांनी सरांना विचारलं होतं म्हणे, “सर, हा वर्ग आहे की धर्मशाळा?” सर म्हणाले, “धर्मशाळेत माणूस थकून आलेला चालतो ना? मग इथं का नको?”

माझ्या शेजारी यमुना बसली होती. सुरगाण्याकडची, नाशकात मावशीकडे राहायची. पहिल्याच रविवारी तिनं एका प्रश्नाचं उत्तर आपल्या कोकणा आदिवासी बोलीत दिलं आणि मागचे बाक हसले. तेव्हापासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. त्या सकाळी ती सरांना सांगून आली होती, की आता मी येणार नाही. सरांनी उपदेश केला नाही. ते एवढंच म्हणाले, “बरं ताई. पण ते अंबडवाले पाळी करून आलेत, झोपणारच. त्यांना कोण सांगणार? तेवढं करून जा.”

चहाच्या कपाकडे बघत ती मला म्हणाली, “नदी आहा ना, ती बाहेरचा काठ खाय, अन आतल्या काठाला गाळ टाकं.” पुस्तकातली दोन पानं तिनं अशीच भराभर सांगून टाकली. मला सगळं समजलं. मी म्हणालो, “म्होरल्या रविवारी बी मी झोपनार हाय. येशील ना?” पुढच्या रविवारी ती आली. मग थंडीचे सगळे रविवार मी झोपलो आणि ती बोलली. ती का येते ते मला ठाऊक नव्हतं. मी मात्र ती येते म्हणून यायचो, हे इथं सांगून टाकतो.

एका रविवारी तिची जागा रिकामी. तिच्या मावशीकडून कळलं, की वडील तिला गावी घेऊन गेलेत. पोर वर्गात गप्पच बसते तर शहरात ठेवायची कशाला, असं त्यांचं म्हणणं. सर माझ्या बाकाशी येऊन म्हणाले, “आज तुम्हाला झोपता येणार नाही. ताई परत आल्या तर त्यांना तुम्ही सांगायचंय.” मी तोंड धुऊन आलो, भिंतीला टेकून उभा राहिलो, मांडीला चिमटे घेतले. तरी सरांचं बोलणं मला धुक्यातूनच ऐकू येत होतं. नदी, वळण, तळं.

पुढच्या रविवारी यमुना आली, ती निरोप घ्यायला. वडील दारातच उभे. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी लागलीच सुरू केलं, “हे बघ, वळनात आधी तळं असतं. ते तळं फुटतं, न् त्यातनं नदी निघती.”

“नाय नाय, समदा उलटा सांगस तू,” यमुना म्हणाली. विद्यापीठाचं पुस्तक तिनं गावी वाचून काढलं होतं. “आधी नदी. ती वळणाची मान कापं अन सरळ निघून जाय. मग मागं जा पाणी उरं, ता तळा.” ती खडू घेऊन फळ्यापाशी गेली आणि नदी काढू लागली. मागचे बाक पुढे सरकले. कारण खरं सांगायचं तर तो पाठ त्यांनाही कळला नव्हता. कुणी हसलं नाही. मळ्यातल्या मावशींनी तर तिला तो पुन्हा सांगायला लावला.

वडील बराच वेळ बघत होते. मग सरांजवळ येऊन म्हणाले, “सर, घरी ही पोर इतकी कवा बोलली नाय.”

“इथंही बोलत नव्हत्या,” सर म्हणाले.

वडिलांनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर घातली. “मंग म्होरल्या रविवारी मीच सोडाय येन,” ते म्हणाले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

सरांनी विद्यापीठाच्या बैठकांत डोंगरातल्या परीक्षा केंद्रासाठी घातलेले वाद, अंध विद्यार्थ्यांसाठी स्वतः वाचून ध्वनिमुद्रित केलेली पुस्तकं, यांविषयी या ग्रंथात इतर जाणकारांनी लिहिलं असेलच. मला त्यांच्याकडून मिळालं ते मी सांगितलं. मी पदवीधर झालो, आणि आज रविवारी त्याच केंद्रात शिकवतो. सर, तुमच्यावर माझा फार जीव आहे. समोर बसून हे मला कधी म्हणता आलं नाही.

यमुनाताई आता सुरगाण्याजवळच्या आश्रमशाळेत भूगोल शिकवतात. त्यांच्या वर्गातल्या मुली यंदा बारावीला आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणी अनोळखी माणसांसमोर अजून तोंड उघडत नाहीत, असं त्या परवा सांगत होत्या. सर, गुडघ्यांची काळजी घ्या, गोळ्या वेळेवर घ्या, दुपारी निवांत झोपा, आम्हाला तुम्ही अजून पुष्कळ वर्षं हवे आहात. जूनमध्ये त्या मुली आपल्या केंद्रात शिकायला नाशकात उतरणार आहेत. त्यांना ‘बसा’ तुम्हीच म्हणायचंय.