आमचीच शेळी, आमचीच बोली

माझे मालक दानशूर होते. हे मी कौतुकाने म्हणते की तक्रारीने, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

शिरपूरला ते कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. पगार झाला की पाकीट माझ्या हातात द्यायचे. त्यातला दहावा भाग मी आधी काढायची आणि पत्र्याच्या डब्यात टाकायची. तो मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा. उरलेल्यात घर चालवायचं. माझं म्हणणं असं, की दहावा भाग देवाचा आणि बाकीचे नऊही देवाचेच, फक्त ते नीट सांभाळायला त्याने मला दिलेत. पहिली गोष्ट मालकांना पटायची. दुसरी निघाली की ते चप्पल शोधायला लागायचे. डब्यात टाकलेलं दान त्यांना दान वाटत नसे. चार माणसांनी मान वळवून बघितलं पाहिजे.

त्यासाठी वर्षात एक दिवस होता, सुगीचा सण. पिकं घरात आली की एका रविवारी सगळे आपल्या घरचं काहीतरी चर्चमध्ये आणायचे. यावलकडचे पाहुणे केळीचे घड आणायचे. कोणी ज्वारी, कोणी वांगी, कोणी पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की बाहेर कडुनिंबाखाली लिलाव आणि येणारा पैसा मंडळीला. त्यात एक रीत होती. बोली जिंकणारा मोठ्या मनाचा असेल तर वस्तू घरी न्यायचा नाही, "परत ठेवा" म्हणायचा. मग तीच वस्तू पुन्हा लिलावाला. एकच डांगर, म्हणजे लाल भोपळा, तीन-तीनदा विकलेलं मी पाहिलंय. "परत ठेवा" म्हणण्यात आमच्या मालकांचा हात धरणारा कोणी नव्हता. घरी येताना त्यांची पिशवी रिकामी आणि खिसाही रिकामा.

त्या वर्षी मुलीचा जळगावला नर्सिंगला नंबर लागला. नाताळाआधी फी भरायची, नाहीतर जागा दुसरीला जाणार. फीची सोय मी आधीच करून ठेवली होती. पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या शेळीला दोन बोकड झाले होते, ते मी वाढवत होते. खाटीक येऊन बघूनही गेला होता.

नंबर लागल्याचं पत्र आलं, त्यानंतरच्या रविवारी मालक चर्चमध्ये उभे राहिले. म्हणाले, "देवाने माझ्या लेकीचं काम केलं. त्याचे उपकार म्हणून येत्या सुगीच्या सणाला मी माझी शेळी आणि दोन्ही बोकड अर्पण करतो."

पुरुषांच्या बाजूने जोरात "आमेन" आलं. बायकांच्या बाजूने आलं नाही. बोकड कशासाठी आहेत हे मी नळावर सगळ्यांना सांगितलेलं होतं.

घरी आल्यावर मी विचारलं, "अहो, आता फी कशातून भरायची?"

"देव देईल."

"दिली होती त्याने. चार-चार पायांची दिली होती. तुम्ही परत केली."

त्यांनी बाहेर बोकडांकडे बघितलं. मग म्हणाले, "ते बोकड फीसाठी होते?"

"नाही, मला त्यांचं ओरडणं ऐकायला आवडतं."

शब्द मोडा असं मात्र मी म्हटलं नाही. देवासमोर बोललेलं मागे घ्यायला मीही सांगितलं नसतं. मुलगी सणापर्यंत ताटात बघूनच जेवली.

रविवारी सकाळी टीव्हीपायी अर्धी मंडळी उशिरा यायची, असे ते दिवस होते. पण सणाला सगळे वेळेवर आले. लिलाव करायला आमचे एक रिटायर झालेले मास्तर असायचे. घड गेले, वांगी गेली. मग शेळी पुढे आली, बोकड तिच्या मागे.

"एक शेळी, दोन बोकड," मास्तर म्हणाले. "बोला."

कोणी बोललं नाही. बायकांनी आपापल्या नवऱ्यांना घरी काय बजावलं होतं ते मला ठाऊक होतं. बोली लागली नाही तर मास्तर जनावरं आमची आम्हाला परत करतील, असा सगळ्यांचा अंदाज होता. माझाही होता. फक्त मालकांना तो कोणी सांगितला नव्हता. देवाला दिलेल्या वस्तूला गिऱ्हाईक नाही, हे बघून त्यांचा चेहरा पडला.

"शंभर," ते म्हणाले.

"शंभर एक वार," मास्तर म्हणाले. "शंभर दोन वार..."

"दोनशे."

मास्तरांनी चष्मा वर केला. "भाऊ, शंभर तुमचेच होते."

"असू द्या. देवाच्या शेळीला शंभर बरे दिसतात का?"

"बरं. दोनशे एक वार..."

"तीनशे."

"भाऊ, तुमच्यासमोर कोणी नाहीये."

मागून कोणीतरी म्हणालं, "थांबवा त्यांना मास्तर, नाहीतर आज हे स्वतःलाच हरवतील."

चारशेवर ते थांबले, बहुतेक दम लागला म्हणून. तीन वार झाले. शेळी आमची झाली, जी सकाळपर्यंत आमचीच होती. मग मालकांनी तोंड उघडलं. आता त्यातून काय निघणार ते मला माहीत होतं, म्हणून मी उठून उभी राहिले.

"परत ठेवायची नाही. तिघंही घरी जातील."

लिलावात बायका बोलत नसत. मास्तर म्हणाले, "अक्का, बोली भाऊंची आहे."

"आहे ना. मी फक्त दोरी धरते." आणि मी जाऊन धरली.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब हळू आवाजाचे माणूस. त्यांनी विचारलं, "आणि चारशे रुपये?"

चर्चच्या मागच्या खोलीत एक म्हातारी दाई एकटी राहायची. तिच्या दुधाचे पैसे मंडळी भरायची. मी म्हटलं, "म्हातारीचा गवळी बंद करा. दूध आमच्या शेळीचं जाईल, चारशे फिटेपर्यंत. आणि ज्याने बोली लावली तो पोचवेल."

"मी?" मालक म्हणाले. "तांब्या घेऊन? बाजारातून?"

"चारशे म्हणताना सगळ्यांनी बघितलं. तांब्याही बघू दे."

पाळकसाहेब हसले आणि हो म्हणाले. बोकड विकले, फी भरली आणि मुलगी पत्र्याची पेटी घेऊन जळगावच्या एस.टी.त बसली.

मालक रोज कामावर जाण्याआधी दूध घेऊन निघायचे. बाजार टाळून मागच्या गल्लीने जायचे. म्हातारी तांब्यात बोट बुडवून विचारायची, "हाई दूध शे का पानी?" उशीर झाला तर त्याहून तिखट बोलायची. ते घरी येऊन कुरकुरायचे, "एकदाच देऊन मोकळं झालेलं बरं. हे रोज रोज देणं फार अवघड आहे."

"मला लग्न झाल्यापासून माहीत आहे," मी म्हणायची.

मध्ये शेळी आटली, तेव्हा दूध विकत घेऊन दिलं. पुन्हा व्यायली. चारशे फिटले, तसं मास्तरांनी चर्चमध्ये सांगितलं, लोकांनी माना वळवून बघितलं, मालक खूश झाले. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तांब्या शोधत होते.

"फिटलं ना काल?" मी विचारलं.

"फिटलं. पण म्हातारी चहा कशात करेल?"

त्या चहात तिच्याबरोबर ह्यांचाही कप असायचा आणि तिथे साखर माझ्या हातात नव्हती, हे मला नंतर समजलं. असेना. म्हातारी होती तोवर ते जात राहिले, मागच्या गल्लीनेच. तिथे मान वळवून बघायला कोणी नसायचं.

पुढच्या सुगीला मात्र मी त्यांच्या हातात फक्त डांगर दिलं. त्यांनी त्यावर स्वतःच बोली लावली, जिंकली आणि परत ठेवलं.